आईचे गुडघे आणि आईचे तळवे: सांध्याचं दुखणं वेगळं, नसेचं वेगळं

कृष्णाकाठ

आमच्या घरात गेली सहा वर्षं "आईचे पाय दुखतात" हे एकच वाक्य चालत होतं. त्यात दोन निरनिराळी दुखणी आहेत हे आम्हाला या जानेवारीत कळलं, तेही तिच्या तळव्याला रुपयाएवढा फोड आल्यावर. बऱ्याच जणांच्या घरी असंच चालू असणार, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई ६७ वर्षांची, राहायला वाईला. मधुमेह १४ वर्षांपासून, मेटफॉर्मिन तेव्हापासूनच सुरू. गुडघे साठीच्या आसपास कुरकुरायला लागले. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. देवापुढे मांडी घालून बसणं सुटलं, मग पाट आला, मग खुर्ची. त्याच सुमारास रात्री तळपायांची आग सुरू झाली. ती त्याला जळवात म्हणायची. पांघरूण पायाला लागलेलं सहन व्हायचं नाही, म्हणून शहाबादी फरशीवर तळवे टेकवून पलंगाच्या कडेला बसून राहायची. आम्ही काय केलं? गुडघ्यांना तेल, तळव्यांना काशाच्या वाटीने तूप, आणि दोन्हीला शेक. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सगळ्याला मिळून 'वात' म्हटलं आणि आम्हीही तेच धरून चाललो.

जानेवारीत थंडी कडक होती. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन ती झोपली आणि सकाळी उजव्या तळव्याला फोड. "मला तर कोमटच लागत होतं गं," एवढंच म्हणत राहिली. मधुमेहामुळे ती जखम भरायला सात आठवडे लागले.

जखमेची पट्टी बदलायला ज्या डॉक्टरांकडे न्यायचो, त्यांनी एके दिवशी आईला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेले. "लागलं की हो म्हणा." दहा जागी टेकवला, आई तीनदा हो म्हणाली. मी शेजारी उभी होते. उरलेल्या सात वेळा दोरा वाकेपर्यंत टेकलेला मला दिसत होता आणि आई शांत पडून होती. मग ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर ठेवला, त्याची थरथरही तिला कळली नाही. तो दोरा बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकेल असा बनवलेला असतो म्हणे. पाच मिनिटांची तपासणी. १४ वर्षांत एकदाही झाली नव्हती आणि ती मागायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. याचं वाईट अजून जात नाही.

डॉक्टरांनी कागदावर दोन रकाने केले. एकीकडे गुडघे: कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या गादीची, झीज. दुसरीकडे तळवे: मधुमेहाने मार खाल्लेल्या नसा. रक्ततपासणीत बी-१२ निघालं १४२, म्हणजे २०० च्या खालच्या हद्दीच्याही बरंच खाली. आम्ही शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिनने बी-१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणजे दोन्हीकडून खड्डा. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ९.१.

मला त्यांच्याकडून समजलेला फरक असा. सांधा दुखतो तेव्हा माणूस बोट ठेवून जागा दाखवतो, हालचालीने दुखणं वाढतं, बसलं की उतरतं. नस दुखते तेव्हा माणूस 'दुखतं' म्हणतच नाही. आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, चमक जाते, कापसावर चालल्यासारखं वाटतं, असं म्हणतो. आणि ते आडवं झाल्यावर, रात्री वाढतं. मधुमेहात ते दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतं आणि मोजा चढवावा तसं वर सरकतं. आई सहा वर्षं आम्हाला अगदी याच शब्दांत सांगत होती. आम्ही शब्द ऐकले नाहीत.

आता बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत, नसेच्या आगीवर रात्री प्रीगाबालिनची लहान गोळी, साखरेचं औषध बदललं. मला तुमच्याकडून हवं आहे ते असं की गुडघ्यांचे व्यायाम आणि पायांची निगा रोजच्या घरकामात कशी बसवता? आठ दिवस सगळे करतात. आठ महिने कसं करायचं?

निर्गुंडी

ताई, वाचून पोटात कालवलं. पण तेलाला नावं ठेवू नका एवढं म्हणते. मी गुहागरकडची. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत बायका सकाळी सातपासून चिखलात कंबरेत वाकलेल्या असतात, डोक्यावर इरलं, वर पाऊस. संध्याकाळी निगडीचा पाला पाण्यात उकळून त्याने शेकलं नाही तर दुसऱ्या दिवशी उठवत नाही. आजीने तेच केलं, आईने तेच, मी तेच करते. तेल जिरवताना दहा मिनिटं कुणीतरी पाय हातात घेतं, त्याचाही गुण असतो. त्याने झिजलेला गुडघा भरून येत नाही, हे मान्य. पण रात्रीची झोप लागते, ती काय कमी आहे?

तुमच्या आईंच्या बाबतीत चूक तेलाची नव्हती, बधिर पायाला शेक दिला गेला ही होती. ज्याला गरम-गार कळतं त्याच्याच अंगाला शेक, ही गोष्ट आता मी आमच्या वाडीत प्रत्येकीला सांगणार आहे. आमच्याकडे वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकतात. तिचा चटका तर पिशवीपेक्षा वाईट.

माझे स्वतःचे गुडघे ५४ व्या वर्षी गेले. सगळ्यात मोठा फरक विळीने पडला. रोज दोन नारळ खवायला खाली विळीवर बसायचं, उठताना मोरीच्या कठड्याला धरायचं. मुलाने खवणी ओट्याला घट्ट बसवून दिली. पहिले पंधरा दिवस हाताला लयच सापडेना. आता उभ्याने खवते. दिवसातून सात-आठ वेळा खाली बसणं-उठणं वाचलं आणि गुडघ्याची सूज महिन्याभरात उतरली. तुमच्या आईच्या घरात काय काय जमिनीवर होतं ते एकदा मोजा. पीठ मळणं, भाजी निवडणं, धुणं, पूजा. एकेक वर आणा.

पायवाट

मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते. कृष्णाकाठ, तुमच्या आईंसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिते, कारण गुडघ्याला जे लागतं ते पावलांना पुरत नाही.

आधी गुडघा. गुडघ्याचा भार मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुखतं म्हणून माणूस चालणं कमी करतो, स्नायू बारीक होतो, भार सरळ सांध्यावर येतो, अजून दुखतं. 'वंगण संपलं, आता वापरू नका' हा सल्ला म्हणूनच घातक. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच अंक, खाली. दहा वेळा. दिवसभरात खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला खुर्चीत उशी ठेवून उंची वाढवा, जमेल तशी उशी काढा. बसताना धपकन बसू नये. सावकाश खाली जाण्यातच स्नायूचं काम होतं.

किती दुखलेलं चालतं, असं सगळे विचारतात. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जास्तीचं दुखणं उरलं तर आकडा निम्मा करायचा. बंद करायचं नाही, निम्मा करायचा. फायदा दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, म्हणून त्यांना गुण येत नाही.

काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. दहातले आठ जण माझ्याकडे चुकीच्या हातात काठी घेऊन येतात. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. तीन किलो उतरले तरी दिवसभराच्या पावलांनी गुणा.

आता पावलं. जिथे संवेदना गेली आहे तिथे डोळ्यांनी राखण करायची. रोज रात्री झोपण्याआधी तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. घरातही अनवाणी नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा किंवा खिळ्याचं टोक असतं. अंघोळीचं पाणी पायाने कधीच अजमावू नका, कोपराने बघा. नखं सरळ कापा, कुरूप ब्लेडने काढू नका. आणि तोल. नसा गेल्या की पायाखालची जमीन नीट कळत नाही, अंधारात माणूस पडतो. ओट्याला बोटांची टोकं टेकवून टाचा उचलायच्या, खाली आणायच्या, पंधरा वेळा. दूध तापायला ठेवलं की हे करायचं. "आठ महिने कसं" याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: व्यायामाला वेगळी वेळ ठेवू नका, घरातल्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला तो बांधून टाका. माझ्या एका पेशंट आजी कुकरच्या शिट्टीला उठाबशी करतात. कुकर कुणाच्याही घरी चुकत नाही.

हुपरीकर

औषधाच्या दुकानात बसतो, १५ वर्षं झाली. रोज दिसतं ते लिहितो. माणूस येतो, "गुडघ्याची गोळी द्या" म्हणतो. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नावं वेगळी पण घराणं एकच. एका डॉक्टरची एक पट्टी, दुसऱ्याची दुसरी, तिसरी शेजाऱ्याने दिलेली, आणि आत तेच औषध दुप्पट. परवाच एका काकूंच्या पिशवीतून तीन पट्ट्या काढून दाखवल्या. या गोळ्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात आणि वयस्कर माणसाच्या किडनीवर येतात. मधुमेह आणि रक्तदाब असेल तर किडनी आधीच दमलेली असते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा, बघितल्याशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नका. गुडघ्याला आधी त्याच औषधाचं मलम वापरून बघा, ते रक्तात फार कमी जातं.

आणि नसेच्या आगीला या गोळ्या जवळपास काहीच करत नाहीत. तिथे औषधं निराळी: प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. दुखण्याची जातच वेगळी. म्हणून कृष्णाकाठताईंनी केलेला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, अशी लिहून देतात. लोक वर्ष-वर्ष चालू ठेवतात. रोज घेणारेही पाहिले. ते अंगात साठतं, कॅल्शियम वाढतं. कृपा करून चिठ्ठीवरचा कालावधी वाचा.

रानपाखरू

प्रीगाबालिनने माणूस झिंगतो आणि सवय लागते असं ऐकलंय. माझ्या वडिलांनी त्याच भीतीने आठवड्यात सोडली.

कृष्णाकाठ

आईलाही पहिले दहा दिवस सकाळी गरगरत होतं. म्हणून डॉक्टरांनी सर्वांत लहान डोस, तोही फक्त रात्री ठेवला. रात्री उठायचं झालं तर आधी दोन मिनिटं पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, असं शिकवलं. मनाने एकदम सोडायची नाही हे मात्र बजावलं आहे, कमी करायची तर हळूहळू, त्यांना विचारून. वडिलांना पुन्हा दाखवा. डोस जास्त असेल, किंवा दुसरं औषध चालेल.

नानामास्तर

मी निवृत्त शिक्षक, वय ७२, बार्शी. ही गोष्ट आजवर नातेवाइकांनाही पूर्ण सांगितली नव्हती. इथे सांगतो, कारण कुणाचा तरी जीव वाचेल.

गुडघ्यांनी हैराण होतो. आठवडी बाजारात एक जण संधिवाताची जडीबुटी म्हणून पुड्या विकायचा. सकाळ-संध्याकाळ एकेक. तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली. पाच वर्षांत चढलो नव्हतो. गावभर सांगत सुटलो. माझ्या शब्दावर आणखी चौघांनी पुड्या घेतल्या.

आठ महिने घेतल्या. चेहरा गोल झाला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. हाताला जरा लागलं की जांभळे डाग. साखर कधी नव्हती ती २८० निघाली. मग तो माणूस बाजारात यायचा बंद झाला आणि पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी उलट्या, अंगात त्राण नाही, रक्तदाब इतका खाली की मुलाने रात्रीच गाडी करून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली पूड घेत होता का?" पुडीत स्टेरॉइड होतं. रोज बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकदम तुटलं की माणूस कोसळतो. मला नंतर तेच औषध मोजून देत सात महिन्यांत हळूहळू उतरवलं.

तेव्हा कुणी अशी पूड घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन दिवसांत जुना गुडघा बरा करणारी जडीबुटी नसते. त्या चौघांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो.

हुपरीकरांनी किडनीचं लिहिलं त्यावरून आठवलं. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरांवर गिधाडांचे थवे उतरायचे. पुढे दिसेनाशी झाली. दुखऱ्या गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मुलांना हे शिकवताना आपण स्वतः तीच गोळी खिशात घेऊन फिरतो, हे मला कधी सुचलं नव्हतं.

शुक्रवारची_गोळी

नाव याच धाग्यासाठी घेतलंय, कारण लिहिलंच पाहिजे. माझं वय ३४. बोटांचे सांधे सकाळी दोन-दोन तास उघडायचे नाहीत, बाळाच्या झबल्याची बंदं बांधता यायची नाहीत. घरचे म्हणाले बाळंतपणात वारं लागलं, डिंकाचे लाडू खा. वर्ष गेलं त्यात.

तो आमवात होता. र्‍हुमॅटॉइड. हे झिजेचं दुखणं नव्हे, शरीराची संरक्षण व्यवस्थाच स्वतःच्या सांध्यांवर उठते. ओळखायची खूण अशी: झिजेच्या गुडघ्याला सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटं असतो, हालचाल केली की सुटतो. यात तासभर किंवा जास्त. शिवाय दोन्ही हातांचे लहान सांधे, सूज, गरमपणा. अशी लक्षणं सहा आठवडे टिकली तर सांध्यांच्या तज्ज्ञाकडे, र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. माझी उजवी करंगळी आता सरळ होणार नाही.

यावरचं माझं औषध मेथोट्रेक्सेट, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात, माणूस दगावू शकतो. मी कॅलेंडरवर दर शुक्रवारला लाल गोल करते आणि गोळी घेतली की आत फुली मारते. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. घरात कुणी वयस्कर हे औषध घेत असतील तर पट्टी त्यांच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका.

खडकवासला

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात आम्हा तिघांना चिकनगुनिया झाला. ताप पाच दिवस, मनगटं आणि घोटे पाच महिने. त्या नावाचा अर्थच मुळात वाकवून टाकणारा असा आहे, आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. मुलगा तीन आठवड्यांत खेळायला लागला, सासऱ्यांना सहा महिने लागले. ज्यांची अजून धुसफूस चालू आहे त्यांनी धीर सोडू नये, पण सूज तीन महिन्यांच्या पुढे राहिली तर वरच्या ताईंनी सांगितलं तसं सांध्यांच्या तज्ज्ञाला दाखवा.

वळणरस्ता

माझी नस कमरेतली. वय ३८, दिवसभर लॅपटॉप, वर रोज दोन तास दुचाकी. एके दिवशी गॅसची टाकी उचलली आणि कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत वीज गेली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली. मी महिनाभर झोपून काढला. सगळे तेच सांगत होते आणि तीच चूक झाली. उठलो तेव्हा पायात ताकद नव्हती आणि कळ तशीच.

नंतर कळलं ते असं. सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतरते. एखाद-दोन दिवस पडून राहा, मग थोडं थोडं चाला. एकाच जागी बसणं सगळ्यात वाईट. मी दर अर्ध्या तासाला उठतो, फोन आला की चालत बोलतो. गादी सरकलेली रिपोर्टात वाचून खचू नका. ज्यांना काही दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही ती दिसते. आणि बरं होत असल्याची एक खूण असते: कळ पायातून वर सरकत कमरेत गोळा होते. कमर जास्त दुखायला लागली म्हणून मी घाबरलो होतो, पण ते सुधारणं होतं.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचाचा ताबा गेला, बसायची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर झाला, किंवा पाऊल उचलेनासं होऊन चालताना फटकन आपटायला लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. सकाळची वाट बघू नका. तिथे तासांचा हिशेब असतो.

संत्रानगरी

नसेचं म्हणता तर नागिणीबद्दलही लिहायला हवं. नागपूरला माझ्या वडिलांना छातीच्या डाव्या बाजूला आग सुरू झाली, दोन दिवसांनी फोडांचा पट्टा. घरात एकच धावपळ, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो म्हणून. गेरू लावला, उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यात पाच दिवस गेले.

लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं निपचित पडलेला असतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. ती नस शरीराच्या अर्ध्याच बाजूला असते. म्हणून पट्टा मधल्या रेषेवर थांबतो, विळखा सहसा पुरा होतच नाही. भीती त्याची नाही. विषाणूवरचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं असतं, आणि आमचे ते ७२ तास गेरूत गेले. फोड वाळले पण आग दीड वर्ष राहिली. बाबांना सदरा अंगाला लागलेला सोसायचा नाही. उन्हाळ्यात ओला पंचा पांघरून बसायचे.

फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्याला धोका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पन्नाशीनंतर घेता येणारी लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. मी आईला दिली.

पायरीपायरी

सासूबाईंचे दोन्ही गुडघे धनुष्यासारखे वाकलेत. डॉक्टर म्हणतात गुडघे बदलून घ्या, त्या तयार नाहीत. जबरदस्ती करावी का?

तुळशीवृंदावन

नको. माझी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, वय ६९. मी चार वर्षं नाही म्हणत होते. मला कुणी ढकललं नाही म्हणूनच मी मनापासून तयार झाले, आणि त्यानंतरचे तीन महिने मनापासून तयार असलेल्या माणसाचेच असतात. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच गुडघा वाकवायचा व्यायाम सुरू होतो, डोळ्यांतून पाणी काढतो. जो टाळतो त्याचा गुडघा ताठ राहतो. नवा गुडघा बसवला म्हणजे काम झालं असं नसतं.

रात्री झोपेत दुखायला लागलं आणि गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंतही जाववेना, तेव्हा मी हो म्हटलं. अटलजींचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईत बदलला होता. तेव्हा पंतप्रधानांचं ऑपरेशन म्हणून गावोगाव चर्चा होती, सामान्य माणसाला ते आपलं वाटत नव्हतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या प्रकाराला कर वगळून ५४,७२० रुपये. रुग्णालयाचा बाकी खर्च वेगळा असतो, तो आधी लिहून मागा. सासूबाईंना शस्त्रक्रिया झालेल्या दोघी-तिघींच्या घरी नुसतं बसायला घेऊन जा. आणि तोवर पायवाटताईंनी सांगितलेले व्यायाम सुरू करा. आधी मांडीत ताकद असेल तर नंतरचं सोपं जातं.

निर्गुंडी

तुळशीवृंदावन, खाली बसता येतं का हो आता? मला तोच विचार छळतो. गौरीच्या वेळी जमिनीवर न बसता कसं चालेल?

तुळशीवृंदावन

मांडी घालत नाही, डॉक्टरांनी नको म्हटलं आहे. गौरी आम्ही टेबलावर बसवल्या. पहिल्या वर्षी रडू आलं. दुसऱ्या वर्षी उभ्याने आरती पूर्ण म्हटली, आधीच्या सहा वर्षांत तेही जमलं नव्हतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. नानामास्तरांचं ऐकताना तिने दोनदा थांबवलं. आमच्या ओळखीतल्या एका मावशींना तिने तिथूनच फोन लावला, त्याही कुठलीशी पूड घेतात. सोमवारी त्यांना घेऊन जातोय, पुडीसकट.

निर्गुंडीताई, तेल परत सुरू केलं आहे. गुडघ्यांना, कोमट, तेही मी आधी माझ्या मनगटावर बघून. काशाची वाटीही ठेवली आहे, कारण तिला ते आवडतं आणि त्या निमित्ताने रोज रात्री तिचे तळवे माझ्या मांडीवर येतात. मी उजेडात एकेक बोट बघून घेते. गुरुवारी डाव्या करंगळीखाली चप्पलच्या पट्ट्याचा लाल वळ दिसला. चप्पल बदलली, दोन दिवसांत गेला. तिला तो लागलेला कळलाही नव्हता.

जमिनीवरची कामं मोजली. अकरा निघाली. सात वर आणली. पूजेचं वर आणायला ती तयार नव्हती, शेवटी भिंतीत हात धरायला कडी बसवली. टाचा उचलायचा व्यायाम दुधाला बांधलाय. साय यायच्या आत पंधरा होतात, पण परवा मोजता मोजता दूध उतू गेलं आणि ती कितीतरी दिवसांनी हसली.

आग अजून आहे, पण रात्री फरशीवर पाय टेकवून बसत नाही. पांघरूण घेते. बी-१२ पुढच्या महिन्यात परत तपासायचं आहे, आकडा आला की इथेच लिहीन. रानपाखरू, वडिलांना दाखवलंत का?